हाताच्या आधी

कौतिक पाटलाच्या घरी कॉम्प्युटर आला त्या दिवशी प्रमिलानं त्याला हळदकुंकू वाहिलं, वर भरतकामाचं फडकं टाकलं आणि विचारलं, "याच्यावर तुम्ही गिटार वाजवणार?"

"याच्यावर नाही, याच्यातून," कौतिक म्हणाला.

एकोणीसशे नव्याण्णवचा उन्हाळा होता. कौतिक जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन. पिंप्राळ्याच्या रस्त्याला त्याचं तीन खोल्यांचं घर होतं. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तिची आतली खोली रिकामी झाली, आणि कौतिकनं तिथं टेबल टाकून आपला जुना शौक पुन्हा मांडला. चोपड्याकडच्या गावातून तो कॉलेजला जळगावात आला तेव्हाच एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला लागला होता. यात्रा, गणपती, लग्नं, सगळीकडे तो ऑर्केस्ट्रा जायचा. त्यात गाणारा नजीर धुळ्याचा. पुढे लग्नांतून ऑर्केस्ट्रा गेला, भिंतीएवढे स्पीकर आले आणि मंडळी पांगली. नजीर मात्र गातच राहिला. त्याच्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेट एसटी स्टँडावर वाजत. आता त्याची पहिली स्वतःच्या चालींची कॅसेट निघणार होती आणि गिटार कौतिकचीच पाहिजे म्हणून तो अडून बसला होता.

"तू घर बशीसनच वाजाड," नजीर म्हणाला होता. "फक्त आवाज आपला जुना पाहिजे. यात्रामा यायचा तो."

तो जुना आवाज ऑर्केस्ट्राच्या ॲम्प्लिफायरचा होता. गोल, भरलेला, आणि जोर दिला की कडेला थोडा फाटणारा. तो ॲम्प्लिफायर केव्हाच भंगारात गेला होता. आणि असता तरी कॉलनीत तो लावला असता तर शेजारच्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. ऑर्केस्ट्रातला जुना कीबोर्डवाला आता मुंबईला होता, त्यानं कौतिकला एक सीडी दिली. गिटारची वायर सरळ कॉम्प्युटरला जोडायची आणि आतला प्रोग्रॅम ॲम्प्लिफायरचं सोंग घेतो, असे तीन प्रोग्रॅम तिच्यात होते. "तिन्ही लावून बघ. जो कानाला पटेल तो ठेव," एवढंच तो म्हणाला.

कौतिकची सकाळची पाळी असे. दुपारी जेवून तो आतल्या खोलीत बसायचा. कूलरची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून कूलर बंद. खिडक्या बंद. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडलेला, सायकलसुद्धा जात नसे. आत घामानं गिटारचा लाकडी पाठीमागचा भाग शर्टाला चिकटायचा.

पहिल्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर ॲम्प्लिफायरची सुंदर चित्रं होती, पण आवाज पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा. दुसऱ्याचा आवाज बरा होता, पण तो उशिरा यायचा. तार आत्ता छेडली की स्वर मागाहून, दाराशी थांबून आत यावा तसा. कौतिकला त्याचं नवल वाटलं नाही. परदेशच्या फोनवर आवाज मागे पडतो हे त्याचं रोजचं काम. पण अशा उशिरावर ताल धरता येईना. बोटं स्वरासाठी थांबायची आणि गाणं लंगडायचं.

तिसरा प्रोग्रॅम अगदी साधा होता. करडी चौकट, तिच्यात दोन बटणं. चित्र नाही, नाव नाही. कौतिकनं वायर जोडली, तार छेडली आणि त्याच्या अंगावर काटा आला. तोच आवाज. पारोळ्याच्या यात्रेत, धुळीनं भरलेल्या मंडपात, तोच आवाज मागच्या रांगेपर्यंत जायचा. आणि उशीर जराही नाही.

"प्रमिला, ऐक!" त्यानं हाक मारली. ती कुरडयांचा चीक लागलेले हात घेऊन दारात आली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "लग्नाआधी तुम्ही आमच्या गावात वाजवायला आला होतात ना, तसंच वाटतंय." मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. ती थोडा वेळ बघत राहिली. "तुमचे हात कसे मागून येतात हो," ती म्हणाली आणि राहिलेल्या कुरडया घालायला गच्चीवर गेली.

तिचं वाक्य कौतिकच्या मनातून जाईना. त्यानं डोळे मिटून वाजवलं, मग उघडे ठेवून वाजवलं. नख तारेला लागण्याच्या किंचित आधी स्वर येत होता. किंचितच, पण आधी. त्यानं कानाला दोष दिला. मग एक्स्चेंजमधला माणूस करील तेच त्यानं केलं. कॅसेट डेकच्या एका बाजूला गिटारची वायर सरळ जोडली आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅममधून आलेला आवाज. टेप मागे नेऊन एका कानात एक बाजू, दुसऱ्यात दुसरी, अशी हेडफोननं ऐकली. प्रोग्रॅमची बाजू पुढे होती. त्यानं वायरी बदलल्या, डेक बदलला, शेजारच्या ऑफिसातून दुसरा आणला. तरी तीच पुढे.

याला कारण असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कॉम्प्युटर आतल्या आत काहीतरी हिशेब करत असेल. आपल्याला कळत नाही म्हणून ते नसतं असं थोडंच आहे.

आणि खरं सांगायचं तर त्याला कारण शोधायची घाईही नव्हती. कौतिक आपली पायरी ओळखून होता. इतक्या वर्षांत त्याची गिटार कधी इतकी वाईट नव्हती की कोणी त्याला काढून टाकावं आणि कधी इतकी चांगली नव्हती की कोणी मान वळवून बघावं. त्या करड्या चौकटीतून मात्र तो चुकत नव्हता. स्वर आधी कानावर यायचा, बोटं त्याच्यामागून जायची आणि नेमकी तिथंच पडायची. त्याला काही ठरवावं लागत नसे. उतारावर सायकल सोडून द्यावी तसं वाटायचं. पहिलं गाणं भरून त्यानं एसटीनं धुळ्याला पाठवलं. नजीरचा फोन आला तेव्हा नजीर बराच वेळ नुसता हसत होता.

"कौतिक, इतला दिन कुठे दपाडी ठेयेल व्हतं रे हाई?" म्हणजे इतके दिवस हे कुठं लपवून ठेवलं होतंस.

त्या रात्री कौतिक जेवताना गुणगुणत होता. प्रमिलानं त्याला असं खुशीत फार दिवसांनी पाहिलं.

दुसऱ्या गाण्याच्या वेळी अंतर वाढलेलं त्याला जाणवलं. स्वर आता निमिषभर आधी येत नव्हता, चांगला हात उचलून ठेवण्याइतका आधी येत होता. तिसऱ्या गाण्याला अख्खी ओळ आधी यायला लागली. कौतिक ती ओळ ऐकायचा आणि मग वाजवायचा. वाजवताना पुढची ओळ ऐकू यायची. आधी गोंधळ झाला, मग सवय झाली.

त्याच्या गिटारचा पिकअप, तारांखालचा आवाज पकडणारा तुकडा, जुना होता, सैल झालेला. खोलीत कोणी बोललं की तारांतून त्याचा पुसट आवाज स्पीकरवर यायचा. एका दुपारी तो वाजवत असताना स्पीकरमधली गिटार मधेच थांबली. थोडी शांतता गेली. मग लांबून, तारांतून आल्यासारखा प्रमिलाचा आवाज आला, "अहो, ताईबाईंचा फोन आहे."

कौतिकनं गिटार कॉटवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेला. प्रमिला खाली बसून चिंच निवडत होती.

"मला हाक मारलीस?"

"नाही बा."

"ताईबाईचा फोन म्हणालीस."

"झोप लागली असेल तुम्हाला," ती म्हणाली. "ताईबाईंचा फोन दिवाळीलाच येतो."

तो माठातलं पाणी प्यायला वाकला तेव्हा पुढच्या खोलीत फोन वाजला. प्रमिला पदराला हात पुसत गेली. तिचं हॅलो ऐकू आलं, मग थोडं हसणं आणि मग तिनं तिथूनच हाक मारली. ताईबाई म्हणजे कौतिकची मोठी बहीण. तिला नातू झाला होता. कौतिकनं फोन घेतला, तोंडानं आनंद दाखवला. बहीण काय सांगत होती यातलं त्याला नंतर काही आठवेना.

त्यानंतर दोन-तीन दिवस तो आतल्या खोलीत गेला नाही. मग गेला. गाणी व्हायची होती, असं त्याचं म्हणणं.

नजीर आला तो भर दुपारचा. डोक्याला ओला रुमाल, शर्ट पाठीला चिकटलेला. धुळ्याहून एसटीत उभ्यानं आला होता. प्रमिलानं पन्हं दिलं, ते त्यानं उभ्यानंच संपवलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमना नवरानी मन्ही इज्जत वाढाई दिन्ही. कंपनीवाला इचारस, गिटारवर कोन शे म्हणे."

दोघे आत बसले. कौतिकनं नजीरला काही सांगितलं नव्हतं. त्याला बघायचं होतं की दुसऱ्या माणसालाही ते ऐकू येतं का. नजीरनं चौथ्या, शेवटच्या गाण्याची चाल गुणगुणायला सुरुवात केली. स्पीकरवर गिटार सुरू झाली. कौतिकचे हात अजून मांडीवर होते. ओळ छान गेली, पण शेवटी एक स्वर साफ चुकला आणि तार नीट न दाबल्यावर होते तशी झर्रर्र झाली.

कौतिकला ते लागलं. असली चूक त्याचा हात करणार नाही. करणारच नाही. त्यानं मनाशी ठरवलं की ही ओळ आपण वाजवायचीच नाही, मग बघू. त्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि दोन्ही हात काखेत घातले.

नजीर गुणगुणायचा थांबला. "काय वाजाडं रे हाई? शेवटला सूर चुकना तुना."

"मी हातबी लाया नही," कौतिक म्हणाला.

"मंग कोन वाजाडं?" नजीर हसला. त्याला वाटलं मशीनमध्ये आधी भरून ठेवलेलं असेल. "चाल बरी व्हती पन. दे इकडे." त्यानं कौतिकच्या मांडीवरची गिटार ओढून घेतली. नजीरला गिटार येत नव्हती. ऑर्केस्ट्रात फावल्या वेळी दोन-चार तारा दाबायला शिकला होता तेवढंच. "आसं व्हतं ना?" म्हणत त्यानं एकेक स्वर शोधत ती ओळ वाजवली. शेवटचा स्वर चुकला. तार झर्रर्र झाली.

कौतिकनं डोळे मिटून घेतले. नजीरचा हात तारेवरच राहिला. तो मूर्ख नव्हता, आणि त्याचा कान कौतिकपेक्षा तयार होता. आपण आत्ता काय वाजवलं आणि मघाशी काय ऐकलं, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

त्यानं गिटार हळूच कॉटवर ठेवली, निजलेल्या लेकराला ठेवावं तशी.

"कौतिक," तो म्हणाला. "हाई काढी टाक. मन्हं गानं तू कसंबी वाजाड, चाली जाई. हाई नको."

"एकच गानं राहेल शे."

"मी आयकेल नही आसं समज. काढी टाक." तो चहाला थांबला नाही. प्रमिला आग्रह करत दारापर्यंत गेली. त्या उन्हात तो स्टँडाकडे चालत निघाला, रिक्षाही केली नाही.

कौतिकनं प्रोग्रॅम काढायचं ठरवलं, अगदी मनापासून ठरवलं. दुसऱ्या दुपारी तो त्यासाठीच आत जाऊन बसला. दार लोटून घेतलं. गिटार कॉटवर ठेवली. वायर जोडलेली राहू दिली. एकदा नीट समजून घ्यावं, मग काढावं, असं त्याच्या मनात आलं. न वाजवता नुसतं ऐकायचं. आता अंतर किती झालंय तेवढं कळलं म्हणजे झालं.

त्यानं करडी चौकट उघडली आणि हात मांडीवर ठेवून बसला.

बराच वेळ काही आलं नाही. तारांची बारीक गुणगुण तेवढी होती. मग गिटार सुरू झाली.

ती त्याचीच होती. स्वरावर येताना खालून घसरत यायची त्याची खोड, तीही होती. पण असं तो कधी वाजवू शकला नव्हता. कुठलं गाणं ते त्याला ओळखता येईना. एक संपायचं आणि त्यातूनच दुसरं निघायचं. कुठं श्वास नव्हता. ऐकता ऐकता कौतिकच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या हातात हे आहे, हे येणार आहे, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग त्याला दुसरी गोष्ट जाणवली. मागे खोलीचे आवाज होते, पण ते ओळखीचे नव्हते. रस्त्यावर गाड्यांची सारखी ये-जा होती. या रस्त्यावर एवढ्या गाड्या नाहीत.

कोणीतरी पुढच्या खोलीत आलं. खुर्ची सरकली. बाईचा आवाज आला, परका, तरुण. "बसा ना अक्का, उठू नका."

"बसलेलीच आहे," दुसरी बाई म्हणाली.

तो आवाज प्रमिलाचा होता. कौतिकला तो लगेच ओळखता आला नाही, कारण तो म्हातारा होता. दात गेल्यावर शब्द जसे ओले होतात तसा ओला.

गिटार चालूच होती.

"अक्का, आत कोण वाजवतंय हो?"

"आत? कोणी नाही."

"नाही, वाजतंय ना. छान वाजतंय."

"ते होय," म्हातारी प्रमिला म्हणाली. काहीतरी निवडता निवडता बोलावं तशी. "ते चालूच असतं. दुपारचं जरा जास्त."

"बघू का?"

"नको."

"नुसतं दार उघडून…"

"नको म्हटलं ना, बाई. लावलेलं असू दे."

कौतिकनं हात पुढे केला आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. खोलीत एकदम उकाडा दाटला. कॉटवरच्या गिटारच्या तारा थरथरत होत्या. त्यानं त्यांच्यावर पंजा दाबून धरला आणि त्या थांबेपर्यंत तसाच बसला.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. "काही नाही, झाकणी होती," प्रमिला तिथून म्हणाली. तिचा आवाज तरुण होता. म्हणजे तेवढाच, जेवढा तिच्या वयाला असावा. तो ऐकून कौतिकला रडू फुटेल असं वाटलं.

संध्याकाळी त्यानं प्रोग्रॅम काढून टाकला. सीडीचे तुकडे करून नाल्यात टाकले. शेवटचं गाणं त्यानं दुसऱ्या, उशिरा येणाऱ्या प्रोग्रॅमवर वाजवलं. पाच-सहा वेळा चुकला, मग कसंबसं जमलं. मागाहून येणाऱ्या प्रत्येक स्वराचं त्याला बरं वाटत होतं. आधी हात, मग आवाज.

कॅसेट निघाली. गाजली. शेवटच्या गाण्याची गिटार कोणाच्या लक्षातही आली नाही. नजीरनं फोनवर सगळं विचारलं, एकच विचारलं नाही. कौतिकनंही सांगितलं नाही. गिटार त्यानं खोळीत घालून आतल्याच खोलीच्या माळ्यावर टाकली. ऑफिसातल्या जुन्या मंडळींनी गणपतीत वाजव म्हणून गळ घातली तेव्हा बोटं आखडलीत म्हणून त्यानं टाळलं. कॉम्प्युटर प्रमिलाच्या भाच्याला शिकायला देऊन टाकला. आतल्या खोलीत धान्याच्या कोठ्या आल्या.

दिवस थंडीचे लागले. एका दुपारी तो पाळी संपवून घरी आला तर दारात कोणाच्या तरी चपला होत्या. आत छगन सुतार आतल्या खोलीच्या दाराशी उकिडवा बसून स्क्रू पिळत होता. प्रमिला शेजारी उभी होती.

"हे काय काढलंस?" कौतिकनं विचारलं.

"कडी बसवून घेतेय. दार आपटत राहतं हो दुपारचं."

"वारा कुठंय सध्या?"

"आपटतं," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी."

कौतिक जवळ गेला. पितळेची नवी कडी होती, चांगली जाड. छगननं शेवटचा स्क्रू आवळला, भुसा फुंकला आणि बाजूला झाला.

"बाहेरून का बसवलीस?" कौतिकनं विचारलं. "कडी आतून असते."

प्रमिलानं त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रोजची दुपार होती.

"आतून कशाला?" ती म्हणाली. "आत कोण असतं?"

तिनं दार ओढून कडी लावून पाहिली. काढली आणि पुन्हा लावली. कडी नीट बसत होती.